तिच्या वतीने

४ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावतेस हे वाचून बरं वाटलं. पण पिशवी लावून झाल्यावर जिना चढून गच्चीत कपडे वाळत घालतेस हेही त्याच पत्रात आहे, तेव्हा नक्की कशाबद्दल बरं वाटून घ्यायचं ते कळव. कानाचं यंत्र पुन्हा कपाटात गेलं असणार, हे तू न लिहिताही समजलं. म्हणून फोनचा नाद सोडून पत्रच लिहिते. खरं सांगायचं तर मलाही हे बरं पडतं. फोनवर मी कायम मजेत असते.

नव्या घरात येऊन वर्ष झालं. समोरच्या दारातल्या माणसांशी सकाळी दूध घेताना मान हलवतो, तेवढीच ओळख. खोल्या दोन आहेत, त्यातली एक वापरायचं कारण अजून सापडलेलं नाही.

कारखान्याची बातमी मात्र आहे. आम्ही शिवणाचा दोरा रंगवतो हे तुला माहीतच आहे. गेल्या महिन्यात तक्रार समितीची अध्यक्ष मला केलं. कामाच्या जागी एखाद्या बाईला कोणी त्रास दिला, तर तिने दाद कुठे मागायची, यासाठी कायद्याने अशी समिती ठेवावी लागते. धाकटे मालक म्हणाले की, तुमच्याइतकं काटेकोर दुसरं कोण आहे, तुम्ही तर हजेरीपटावर शाईचा डाग पडला तरी शेजारी सही करता. मी ते कौतुक समजले.

आणि आठवड्यातच पहिली तक्रार आली. नाव लिहीत नाही. समितीतलं बाहेर बोलायचं नाही असा नियम आहे, आणि तुला लिहिणं म्हणजे बाहेर बोलणं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी ठरवलं की कोणाचंच नाव न घेता लिहायचं. कामगार त्या मुलीला घार म्हणतात, मीही तेच म्हणेन. एवढ्याने नियम पाळला जातो का, ते अजून ठरवता आलेलं नाही.

घार शेडच्या, म्हणजे रंगछटा जुळवायच्या, खोलीत काम करते. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं, आणि आपला दोरा त्या रंगाशी जुळतो की नाही हे त्या खोलीत बघतात. खोली लहान. भिंती राखाडी. आत जाताना अंगावर राखाडी कोट चढवायचा, कारण शेजारी दुसरा रंग असला की डोळा फसतो. मधोमध दिव्यांचं कपाट. त्यात आधी दिवसाच्या उजेडासारखा दिवा लावतात, मग दुकानातल्यासारखा, मग घरातला पिवळा. तिन्ही दिव्यांखाली दोरा आणि कापड एकच दिसलं तर माल पुढे जातो. बाहेरची तिरीप येऊ नये म्हणून दार बंद आणि आतून कडी. एकट्याच्या डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही, म्हणून आत नेहमी दोघं जण. एक मास्तर, तीस वर्षं तिथेच. दुसरी घार, वय सव्वीस. मला दोन्ही पांढरेच दिसतात अशा दोन रिळांतला फरक ती दारातून सांगते.

एक दिवा विझवून दुसरा लावेपर्यंत क्षणभर पूर्ण काळोख होतो. त्या काळोखात मास्तरांचा हात तिच्या पाठीवर येतो. आधी चुकून आल्यासारखा, मग रोज. ती बोलली तेव्हा म्हणाले की, वरची श्रेणी हवी ना, मग एवढं अंग चोरून कसं चालेल.

मी तक्रार वाचली. त्याच दिवशी आदेश काढला. चौकशी संपेपर्यंत घारीने लेबलांच्या टेबलावर बसावं, पगार आहे तोच. खिडकीजवळची जागा दिली आणि माझ्या खोलीतली उशीची खुर्ची तिच्यासाठी पाठवली. मास्तरांना हलवणं शक्य नव्हतं. हंगामाच्या ऑर्डरी आहेत आणि त्यांच्या जागी उभं राहील असं कोणी नाही.

घरी येताना वाटलं, आत्या, वीस वर्षं फायली सांभाळल्या, आज पहिल्यांदा एक माणूस सांभाळलं. हे बरोबर झालं ना? तू सांगितलंस तर मला पटेल.

माया आहे तेवढी असू दे.

तुझी,
खोडरबर

१३ जानेवारी

चि. खोडरबर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. एकदा चष्म्यानं वाचलं, एकदा भिंगानं. लहानपणी वहीला भोक पडेपर्यंत खोडायचीस, आता न खोडता चार पानं लिहितेस, म्हणजे प्रगती आहे. गुप्ततेची काळजी नको. भिंतींना कान असतात म्हणतात, पण माझ्या घरच्या भिंती माझ्याइतक्याच बहिऱ्या. पत्र वाचून पिठाच्या डब्याखाली ठेवते. तिथं माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही, कारण माझ्याशिवाय घरात कोणी नाही.

समोरच्या दाराशी वर्षभर नुसती मान हलवत्येस हे काही खरं नाही. मान म्हणजे काय टेबलफॅन आहे? एखाद्या दिवशी काहीतरी मागायला जा. साखर माग, शिडी माग. काही मागितल्याशिवाय शेजार लागत नाही.

गच्चीवर जाणं सोडलं आहे. म्हणजे रोज जाणं सोडलं आहे.

आता घारीचं. मास्तर हा माणूस कसा असेल ते मी इथं बसून सांगू शकते, त्याबद्दल काही विचारायचं नाही. एकच विचारते. तिला खिडकीपाशी बसायचं होतं का? तू लिहिलं आहेस, मी आदेश काढला, मी जागा दिली, मी खुर्ची पाठवली. ती काय म्हणाली, ते मी पत्रात शोधलं. पहिल्या पानापासून पुन्हा शोधलं. सापडलं नाही. माझी नजर आता पूर्वीसारखी नाही, तेव्हा कदाचित मीच ओळ गाळली असेल.

थंडीची काळजी घे. पायांत मोजे घालत जा, म्हाताऱ्या बायका घालतात ते, लाज वाटून घेऊ नकोस. जीव लावून आहे.

तुझी,
आत्या

२४ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी नजर शाबूत आहे. ती ओळ पत्रात नव्हती, कारण ती कुठेच नव्हती. मी तिला विचारलं नाही.

आणि एवढंच नाही. कोणाची तात्पुरती बदली केली की आदेशासोबत एक छापील फॉर्म भरावा लागतो. त्यात एक ओळ आहे, तक्रारदाराने बदलीची विनंती केली आहे काय? पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. मी फॉर्म भरत होते तेव्हा घार बाहेर बाकावर बसली होती. डोळे सुजलेले. मला वाटलं, हिला आता आणखी प्रश्न कशाला. त्या खोलीत परत जायला कोणती मुलगी तयार होईल? आणि चौकोन रिकामा सोडणं माझ्याच्याने होत नाही, तुला ठाऊक आहे. मी ‘होय’वर बरोबरची खूण केली. तिच्या वतीने. सही दुसऱ्या पानावर असते. पहिलं पान उलटून मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं. पान मुद्दाम उलटलं नव्हतं. नव्हतं, असं मी डायरीत लिहिलं आणि मग ते वाक्य खोडलं. आज ते पुन्हा लिहायची हिंमत होत नाही.

तुझं पत्र आल्यावर लेबलांच्या टेबलाशी गेले. टेबल लांबलचक आहे, बारा बायका बसतात. घारीच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बाकीच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसल्या होत्या, जणू तिला काही लागण झाली आहे. ज्यांच्याबरोबर ती आधी जेवायची त्या रंगखात्यातल्या बायकांची सुट्टी वेगळ्या वेळी असते, म्हणून ती डबा खिडकीकडे तोंड करून खाते. मी विचारलं की कसं चाललं आहे. म्हणाली की लेबलं चिकटतात, न चिकटायला काय झालं. मी तिथेच उभी राहिले. मग वर न बघता तिने विचारलं की, मॅडम, हात त्यांचा होता ना, मग बाहेर मी कशी?

खोलीत येऊन तिची तक्रार पुन्हा काढली. दोन पानं आहेत. पहिल्या पानाने मी इतकी हलले होते की दुसरं पान वाचूनही वाचलं नव्हतं. शेवटी तिने स्वच्छ लिहिलं आहे की, आतली कडी काढावी आणि दाराच्या जागी एकामागे एक असे दोन राखाडी पडदे लावावेत. म्हणजे उजेड येणार नाही, पण माणूस येऊ शकेल. आणि मला माझं काम करू द्यावं. बदलीचा शब्दही नाही.

तिला काय गमवावं लागणार आहे तेही मला तेव्हा सुचलं नाही. पंधरा मार्चला डोळ्यांची वार्षिक परीक्षा आहे. बाटलीच्या बुचाएवढ्या शंभर रंगीत टोप्या असतात, प्रत्येकीची छटा शेजारणीहून केसभर निराळी, त्या क्रमाने लावायच्या. त्या दिवशी जो शेडच्या खोलीत कामावर असेल त्यालाच बसता येतं. वरची श्रेणी मिळाली की ती स्वतः मास्तर होऊ शकते. आणि डोळ्याचं गवयाच्या गळ्यासारखं असतं म्हणे. रोज बसलं नाही तर उतरतो.

आता सगळ्यात वाईट. मास्तरांचं लेखी उत्तर आलं आहे. ते म्हणतात की, बाईला उभ्याचं काम झेपत नव्हतं, पाय दुखतात म्हणून रोजची कुरकुर होती, खिडकीपाशी बसायचं काम मिळवायला तिने हा बनाव रचला. पुरावा म्हणून माझा फॉर्म जोडला आहे. त्यांना प्रत द्यायची असते, ती मीच नियमाप्रमाणे पाठवली होती. माझ्या खुणेभोवती त्यांनी लाल गोल काढला आहे.

ती खूण माझी आहे हे आज फक्त तुला आणि मला माहीत आहे. दहा फेब्रुवारीला समिती बसेल. सांगितलं तर अध्यक्षपद जाईल, कदाचित नोकरीही. गप्प राहिले तर घार खोटी ठरेल. मी स्वतःशी असाही वाद घातला की, मी बाजूला झाले तर समितीत तिच्या बाजूने कोण उरेल? हा विचार खरा आहे की सोयीचा, हे मला कळेनासं झालं आहे. तू काय केलं असतंस?

उत्तर लवकर धाड. रागावली असलीस तर तसंच लिही.

तुझी,
खोडरबर

२ फेब्रुवारी

चि. खोडरबर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावले नाही. दोन दिवस पत्र लिहायला बसले आणि उठले, एवढंच.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते आणि मग मला बढती मिळाली, असं आपल्या घरात सांगतात. तू लहान होतीस, तूही तेच ऐकलंस. ते कसं झालं ते सांगते.

आम्ही बारा जणी ओळीनं बसायचो. कानाला हेडफोन, समोर भोकांचा फळा, दोन्ही हात वायरींत. सुपरवायझर मागून फेऱ्या मारायचा आणि खुर्चीच्या पाठीशी थांबायचा. आमचे दोन्ही हात कामात आहेत आणि कानात गिऱ्हाईक बोलतंय, हे त्याला बरोबर ठाऊक. ओरडावं तर ओरडणं थेट दुसऱ्या गावी ऐकू जाणार. मी घरी फक्त दादाला सांगितलं, म्हणजे तुझ्या बाबांना. दादाचा राग मोठा आणि माया त्याहून मोठी. दुसऱ्या दिवशी कोट चढवून तो साहेबाला भेटून आला. काय बोलला ते मला कधी कळलं नाही. आठवड्याच्या आत मला जुन्या कागदांची खोली मिळाली. टेबल माझं, पंखा माझा, पगार दोन पायऱ्या वरचा. दादा म्हणाला की आता तुझ्याकडे मान वर करून बघायची कोणाची टाप नाही. खरंच होतं. बघायला कोणी नव्हतंच.

अठरा वर्षं, खोडरबर. पहिला महिनाभर दार वाजलं की माझ्या तोंडून सवयीनं नंबर सांगा असं जायचं. आत येणारा शिपाई हसायचा. मग दार वाजायचंही कमी झालं. एक्स्चेंजच्या मुली आधी डबा खायला हाक मारायच्या. पुढं त्यांना वाटायला लागलं की मी साहेबीण झाले. मला आवाज ओळखायचं वेड होतं. कोण चिडलंय, कोण रडून आलंय, कोणाला पैसे मागायचे आहेत, हे मला हॅलोवर कळायचं. तेवढं एकच मला चांगलं यायचं. कागदाला आवाज नसतो. आता कान गेले याचं लोकांना वाईट वाटतं. मला तितकंसं वाटत नाही. ते कधीच रिकामे पडले होते.

सुपरवायझर तिथंच निवृत्त झाला. त्याच्या निरोपाच्या फायलीवर नंबर मीच घातला.

दादाला मी कधी बोलले नाही. बहिणीला कसं सोडवलं ते तो मरेपर्यंत लोकांना सांगायचा, आणि सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. त्याच्यावर तू राग धरू नकोस. त्यानं जे केलं ते माझ्यासाठीच केलं. फक्त मला आधी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, त्याला उठव, मला नको.

तू काय करावंस ते सांगत नाही. मी सांगितलं तर ते पुन्हा कोणीतरी कोणाच्या तरी वतीनं केलेलं होईल.

जेवत जा. सारखं पत्र पाठवण्याइतकी पोस्टाची तिकिटं माझ्याकडे आहेत, संपेपर्यंत तरी आहे मी.

तुझी,
आत्या

२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून फोनकडे हात गेला. मग आठवलं, आणि हात तसाच राहिला. बाबांनी ती गोष्ट मला निदान दहा वेळा सांगितली असेल. मीही ती शाळेत निबंधात लिहिली होती. आज अधिक काही लिहिता येत नाही. पुढे कधीतरी लिहीन.

दहा तारखेला समितीपुढे सांगितलं. समितीत कारखान्याबाहेरची एक सदस्य असावी लागते, त्या निवृत्त वकीलबाई आहेत. मी बोलत होते तोवर त्या चष्मा काढून पुसत होत्या. बोलणं संपल्यावर म्हणाल्या की, तक्रार करणारीचं बूड तिने सांगितल्याशिवाय हलवायचं नाही, हलवलं की ती शिक्षाच, मग खाली उशी घाला नाहीतर गादी. मग त्यांनी मला कागद दिला आणि हे सगळं लिहून द्या म्हणाल्या. मी लिहिलं. पान मुद्दाम उलटलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की मला खात्रीने माहीत नाही. तेही त्यांनी लिहायला लावलं. त्यानंतर मी अध्यक्ष राहिले नाही, साक्षीदार झाले. खुर्ची बदलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले.

धाकट्या मालकांनी बोलावून घेतलं. म्हणाले की, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात तो घेतलात, आमच्याही पायावर मारलात. त्या खुणेबद्दल विचारायला कोण येणार होतं? मग म्हणाले की, असली ओळ फॉर्मवर छापतं तरी कोण? फॉर्म त्यांच्या वडिलांनी छापून घेतले होते, हे मी बोलले नाही. आयुष्यात प्रथमच मी एखादी दुरुस्ती सुचवली नाही.

बारा तारखेला समितीचा अंतरिम हुकूम निघाला. घार शेडच्या खोलीत परत, मास्तर निकाल लागेपर्यंत सुताच्या गोदामात. इतकी वर्षं ज्यांच्यावाचून कारखाना बंद पडेल असं मला वाटत होतं, त्यांच्यावाचून दुसऱ्या दिवशी सकाळी, रंगखात्यातली एक बाई घारीबरोबर उभी करून, काम सुरू झालं. कडी निघाली. जुन्या कोटांचं कापड जोडून दोन पडदे शिवले. पडदे शिवायला दोन तास लागले, आत्या.

घारीला हे सांगायला मी स्वतः गेले. खूण माझी होती हेही सांगितलं. ती लेबलांचा गठ्ठा हातात धरून ऐकत राहिली. म्हणाली की, मास्तरांच्या उत्तराची प्रत तिला मिळाली त्या दिवशी तिने तो लाल गोल पाहिला होता. तिला वाटलं होतं की आम्ही सगळे मिळून हे केलं आहे. तिने घरी सांगूनही टाकलं होतं की, ऑफिसची बाई त्यांनाच सामील आहे. मी म्हटलं की मला माफ कर. त्यावर म्हणाली की, मॅडम, माफीचं नंतर बघू, परीक्षेला एकतीस दिवस राहिलेत. आणि गठ्ठा तिथेच ठेवून गेली.

कँटीनमध्ये माझ्या टेबलावर आता जागाच जागा असते. मास्तरांना मानणारे बसत नाहीत, कारण मी त्यांच्याविरुद्ध गेले. घारीच्या बाजूचे बसत नाहीत, कारण मी आधी काय केलं ते आता सर्वांना ठाऊक आहे. दोघांचंही मला पटतं, त्यामुळे तक्रार कोणाची करणार? मी पुस्तक घेऊन जाते. एकच पान गेले आठ दिवस वाचते आहे.

तुझ्या अक्षराची वाट बघते आहे. मन दूर नेऊ नकोस.

तुझी,
खोडरबर

१ मार्च

चि. खोडरबर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शाबासकी देणार नाही. चूक केली ती सांगितली, यात पराक्रम कसला, असं दादा म्हणाला असता आणि मग बाहेर जाऊन चार जणांना कौतुकानं सांगून आला असता.

तुझं पत्र मी डब्याखाली ठेवलं नाही, अजून टेबलावर आहे. जाता येता बघते. वकीलबाईंचं ते उशीचं वाक्य मला फार आवडलं. मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. माझ्या वेळी असं म्हणणारी एक बाई असती तर, असं मनात आलं आणि गेलं. सत्तरीनंतर मनात येतं ते फार वेळ बसत नाही.

घारीच्या परीक्षेचं लगेच कळव. या वयात दुसऱ्याच्या परीक्षेची धाकधूक लागेल असं वाटलं नव्हतं. काल दूध उतू गेलं त्या नादात.

कँटीनमध्ये बसत जा. लपून खोलीत डबा खायची सवय लावून घेऊ नकोस. ती लागली की सुटत नाही, हे माझं ऐक. आशीर्वाद मुरवून ठेवले आहेत, सगळे तुझेच.

तुझी,
आत्या

२८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

निकाल अठराला लागला. घारीची तक्रार खरी ठरली. शेवटच्या दिवशी लेबलांच्या टेबलावरची एक बाई आपण होऊन समितीपुढे आली. आठ वर्षं ती तिथे लेबलं लावते आहे. ती म्हणाली की, त्याआधी शेडच्या खोलीत मीच होते. बोलले नाही, बदली मागून घेतली आणि सुटले असं समजले. घार आली तेव्हा मीच खुर्ची लांब ओढली, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. तिची जुनी फाईल मी शोधून काढली. बदलीचं कारण म्हणून तिथे प्रकृती असं लिहिलं आहे. अक्षर माझं आहे. तिने सांगितलं आणि मी लिहिलं, तेव्हाही पुढे काही विचारलं नव्हतं. हेही मी वकीलबाईंना कळवलं.

मास्तरांना नोकरीतून काढलं. जाताना ते माझ्या दारासमोरून गेले आणि थांबले नाहीत. मला लेखी ताकीद मिळाली आहे आणि समितीवर आता घेणार नाहीत. ताकीद माझ्याच फायलीत मीच लावली, कारण फायली लावण्याचं काम माझं आहे. नोकरी राहिली. फॉर्मवरची ती ओळ काढून तिथे आता रिकामी जागा ठेवली आहे, तक्रारदाराने स्वतःच्या अक्षरात लिहावं म्हणून.

पंधराची परीक्षा. तू वाट बघत असशील, पण मला हेच लिहायला जड जात होतं. घार बसली. शंभरांतल्या चार टोप्या चुकल्या, चारही निळ्या-हिरव्याच्या मधल्या. डिसेंबरातल्या सरावात एकही चुकली नव्हती. दोन चुकांपर्यंत वरची श्रेणी मिळते. ती श्रेणी गेली. पुढची परीक्षा वर्षाने. सहा आठवड्यांची लेबलं तिच्या डोळ्यात राहिली, आत्या, आणि ती मी घातली होती. मास्तरांच्या हाताची शिक्षा मास्तरांना झाली. माझ्या कनवाळूपणाची तिला झाली.

काल दुपारी ती माझ्या खोलीत आली. बस म्हटलं तर बसली नाही. एक अर्ज पुढे केला. तिने लिहिलं होतं की, दोन जानेवारीपासून बारा फेब्रुवारीपर्यंत मला माझ्या कामावरून दूर ठेवण्यात आलं. हे मी मागितलं नव्हतं. मला न विचारता आस्थापना अधिकारी बाईंनी ते ठरवलं आणि मी मागितल्याची खोटी नोंद केली. त्यामुळे माझा सराव तुटला व श्रेणी गेली. ही भरपाई कार्यालयाने करावी आणि तीन महिन्यांत माझी परीक्षा पुन्हा घ्यावी.

मी दोनदा वाचला. खोटी या शब्दापाशी थांबले. त्या जागी चुकीची हा शब्द चालेल का, असं मनात आलं. मग वाटलं, नाही, तिने बरोबर शब्द लिहिला आहे. पोचेचा शिक्का मारला. खाली शेऱ्यासाठी चार ओळी असतात, मला एक पुरली. अर्जातील सर्व मजकूर खरा आहे, परीक्षा पुन्हा घ्यावी. सही केली.

ती टेबलाच्या पलीकडून शेरा उलटा वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली की, मॅडम, तारीख राहिली.

वीस वर्षांत माझी तारीख कधी राहिली नव्हती. मी तारीख घातली. तिने प्रत घेतली, नीट घडी केली, आणि पडद्याआड दिवा बदलायची वेळ झाली असं म्हणून गेली.

या आठवड्यात माझ्या खोलीत आलेलं ते एकच माणूस.

माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस. तोच एक न मागता मिळालेला आहे.

तुझी,
खोडरबर